बोलोन्याला दहापैकी दोन

माझ्या सासऱ्यांच्या छातीवर हात ठेवून ज्यानं त्यांना मागं सारलं, तो माणूस त्या आठवड्यात माझ्याच घरी राहत होता. माझ्या हातची कॉफी पीत होता, माझ्या बाथरूममध्ये त्याचे मोजे वाळत होते. आदल्या दिवशी याच सासऱ्यांनी त्याच्या ताटात आग्रहानं दुसऱ्यांदा वाढलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर इंटरनेटवर ओळखीच्या-बिनओळखीच्या लोकांनी मला विचारलं, की एका ताडपत्रीवरून एवढा तमाशा कशाला? तमाशा ताडपत्रीवरून नव्हता.

मी मूळची अमेरिकेतली, व्हरमाँटची. कोरिन हे नाव फक्त पासपोर्टवर. सगळे मला कॉर्कीच म्हणतात. विशीत असताना मी आणि ग्लेंडा एका बँडच्या मागं वेड्यासारख्या हिंडलो. टिन ऑर्चर्ड त्या बँडचं नाव. या लोकांचं वाजवणं असं, की गाणं सुरू करायचं, मध्येच ते सोडून द्यायचं आणि वाजवत वाजवत रानात शिरायचं. कधी अर्ध्या तासानं वाट सापडायची, कधी सापडायचीच नाही. एकच गाणं दोन गावांत सारखं वाजलं असं कधी झालं नाही, म्हणून तर आम्ही एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचो. ग्लेंडाच्या आईच्या जुन्या व्हॅनमध्ये झोपायचो, मैदानाबाहेर चीज सँडविच भाजून विकायचो आणि त्यावर पुढचं पेट्रोल भरायचो. ग्लेंडा माझी सख्ख्या बहिणीहून जवळची. माझ्या वडिलांच्या दफनाच्या वेळी मला धरून उभी होती ती.

मग मी फाऊस्तोच्या प्रेमात पडले आणि बोलोन्याला आले ती आलेच. फाऊस्तोचं सोफ्या-खुर्च्यांना कापड चढवायचं दुकान आहे, मी शाळेत इंग्रजी शिकवते. इतक्या वर्षांत टिन ऑर्चर्ड इटलीला एकदाही आले नाहीत. पण माझ्या स्वयंपाकघरात ते रोज असत. फाऊस्तो दारातून डोकावून विचारायचा, "हे कालचंच गाणं चालू आहे का अजून? संपलं की फोन कर, मी मग घरी येतो." शाळेतली माझी मैत्रीण ओम्ब्रेत्ता तर म्हणायची, "तुझा बँड म्हणजे तुझा पहिला नवरा आहे. दिसत कधी नाही, पण कौतुक संपत नाही."

आणि गेल्या वसंतात बातमी आली. टिन ऑर्चर्ड युरोपच्या दौऱ्यावर, त्यात बोलोन्या. माझ्या घरापासून सायकलवर जाता येईल अशा ठिकाणी! मी स्टाफरूममध्ये ओरडलेच. मिनिटभरात ग्लेंडाचा फोन आला.

"कॉर्के, आम्ही येतोय! मी आणि स्किप. अॅमस्टरडॅम, झुरिक, मग तू, मग म्युनिक. झोपायला जागा आहे ना?"

"तुला नाही तर कुणाला असणार गं?"

स्किप म्हणजे ग्लेंडाचा दुसरा नवरा. त्याला मी लग्नाच्या फोटोतच पाहिलं होतं. उंच, पांढरी वेणी, आवाज खणखणीत. आला तो दारातच मला मिठी मारून म्हणाला, "झुरिकला दुसऱ्या भागात काय वाजवलंय त्यांनी! दहापैकी साडेनऊ." त्याचं असंच होतं. प्रत्येक कार्यक्रमाला तो गुण द्यायचा आणि ते चाहत्यांच्या साइटवर टाकायचा. तिथं त्याचा शब्द मोठा. त्यानं चांगलं म्हटलं, की कार्यक्रम न पाहिलेले शेकडो लोकही चांगलं म्हणणार.

शनिवारी जेवायला सासरे आले. नेरिओ त्यांचं नाव. रेल्वेत होते, आता गुडघे दुखतात, ऐकू जरा कमी येतं, पण लग्नसराईत नाचायला अजून पुढं. त्यांनी स्वतः तालियातेल्ले, म्हणजे पास्त्याच्या लांब पट्ट्या, लाटून आणले होते. स्किप जेवता जेवता अॅमस्टरडॅमची आणि झुरिकची तुलना करत होता. नेरिओंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी मान डोलावत होते. मध्येच त्यांनी मला विचारलं, "पोरी, हा कशाबद्दल एवढा चिडलाय?"

"चिडलेला नाही, नेरिओ. खूश आहे."

"असं होय," म्हणाले, आणि स्किपच्या ताटात आणखी वाढलं.

कार्यक्रम बोलोनीना भागातल्या, खुर्च्या काढून टाकलेल्या जुन्या सिनेमाघरात होता. तिथल्या शेजाऱ्यांनी आवाजाच्या तक्रारी करून करून रात्रीचे कार्यक्रम बंद पाडलेत, त्यामुळे रविवारी दुपारी पाचला. स्किप सकाळीच पाठीवर एक निळं बोचकं टाकून बाहेर पडला. "जागा धरायला," ग्लेंडा म्हणाली. मी हसले. मला वाटलं बोचक्यात सतरंजी असेल.

आम्ही चौघं पोचलो, फाऊस्तो, नेरिओ, ओम्ब्रेत्ता आणि मी, तेव्हा आत निम्मं सिनेमाघर अमेरिकन होतं. मला ते चेहरे बघूनच भरून आलं. तेच रंगीत सदरे, तीच भाषा, कुणीतरी ओरडलं, "व्हरमाँटची कॉर्की ना तू?" आणि मी वीस वर्षांची झाले. मग माझं लक्ष खाली गेलं. रंगमंचापुढची अख्खी जागा, या भिंतीपासून जवळजवळ त्या भिंतीपर्यंत, निळ्या ताडपत्र्यांनी झाकलेली होती. कडा चिकटपट्टीनं जमिनीला डकवलेल्या. त्यांवर पाचसहा माणसं पाय पसरून बसली होती, बाकीची जागा मोकळी. आणि आपल्या शहरातली माणसं, तिकिटं काढून आलेली, भिंतींना चिकटून उभी. कुणाला समजत नव्हतं, की ही ताडपत्री थिएटरवाल्यांनी घातलीय की काय.

"गळतंय का छत?" ओम्ब्रेत्तानं मला विचारलं.

"नाही. जागा राखलीय."

"कुणासाठी?"

बँड आला आणि मी तो प्रश्न विसरले. खोटं कशाला बोलू, पहिला सूर लागला तेव्हा मी रडत होते.

पहिला भाग बरा झाला. थकलेले वाटत होते, पण बरा. नेरिओंना मागून काही दिसेना. पुढं भरपूर जागा रिकामी दिसतेय म्हटल्यावर ते आपले टोपी हातात घेऊन, "माफ करा, माफ करा," म्हणत गर्दीतून पुढं सरकले आणि ताडपत्रीवर जाऊन उभे राहिले. मी लांबून पाहत होते. मला बरं वाटलं, की म्हाताऱ्याला रस वाटतोय.

स्किप उठला. त्यानं हातानं 'चल, चल' केलं. नेरिओंना वाटलं तो नाचायला बोलावतोय. ते हसले आणि दोन्ही हात वर करून जागच्या जागी एक गिरकी घेतली. तेव्हा स्किपनं तळहात त्यांच्या छातीवर ठेवला आणि मागं सारलं. जोरात नाही. पण ज्याचे गुडघे दुखतात त्याला जोर लागत नाही. नेरिओ धडपडले, टोपी खाली पडली, एका मुलीनं त्यांना धरलं म्हणून आडवे झाले नाहीत.

मी कशी पुढं पोचले मला आठवत नाही.

"स्किप! काय करतोयस तू?"

"ताडपत्रीवर चढला गं हा. आता याला सांगितलं तर हसतोय."

"हे नेरिओ आहेत!"

त्यानं निरखून पाहिलं. खरंच ओळखलं नव्हतं त्यानं. काल ज्यानं वाढलं त्याचा चेहरा त्यानं पाहिलाच नव्हता. मग कपाळावर हात मारून हसला. "अरेच्चा, तुमचे म्हातारबुवा होय! मग आधी सांगायचं ना. येऊ दे, येऊ दे, बसव त्यांना."

"आणि माझे नसते तर?"

"तर काय? कॉर्की, मी सकाळपासून रांगेत आहे."

मी ग्लेंडाकडं पाहिलं. ती बसल्या जागेवरून माझा हात धरून म्हणाली, "अगं, नियम तुला माहितीयेत. ताडपत्री टाकेल त्याची जागा. आता नको ना. गाणं चालू आहे."

नेरिओंनी टोपी उचलली, झटकली, घातली आणि मागं भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. फाऊस्तोला मागून काही दिसलंच नव्हतं. त्यानं विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "काही नाही. तिकडं जागा राखलेली आहे."

मध्यंतरात मी फाऊस्तोला सांगितलं नाही. मला ठाऊक होतं, तो सरळ पुढं गेला असता आणि मग मारामारी. मी दात आवळून उभी राहिले.

दुसऱ्या भागात त्यांनी 'हॅरिएटची होडी' घेतलं. हे गाणं हळूहळू खाली उतरत जातं. गिटारवाला एबल रेनफ्रो एकेक वाद्य गप्प करत गेला, शेवटी त्याची एकच तार राहिली, तीही ऐकू येईल न येईल अशी. आमची भिंतीकडची माणसं अक्षरशः श्वास रोखून उभी होती. ओम्ब्रेत्तानं डोळे मिटले होते. इतकी वर्षं मी तिला जे सांगत होते, ते आता तिला ऐकू येत होतं.

आणि पुढून, ताडपत्रीवरून, गप्पा. म्युनिकची गाडी किती वाजता, हॉटेलात नाश्ता आहे का, झुरिकला हेच गाणं कसं दुप्पट चाललं होतं. कुणीतरी बियरचा ग्लास पाडला आणि हशा. ओम्ब्रेत्ता म्हणाली, "श्श!" मागच्या आणखी चारपाच जणांनी म्हटलं. त्यावर पुढून एकानं शाळेतल्या बाईंची नक्कल केल्यासारखं मोठ्यांदा "श्श्श!" केलं आणि पुन्हा हशा.

एबलनं मान वर केली. पुढं बसलेल्यांकडं पाहिलं. मला वाटलं, हा आता थांबेल, काहीतरी बोलेल. बोल रे बाबा, मी मनात म्हणत होते. त्यानं खांदे उडवले, ढोलवाल्याला खूण केली आणि 'सोमवारची सुट्टी' सुरू केलं. ते धडाधड वाजणारं, टाळ्या घेणारं गाणं. पुढचे सगळे उठून नाचायला लागले. ती होडी तशीच अर्ध्या पाण्यात सोडून दिली त्यानं. त्या क्षणी मला स्किपचा आला नसेल इतका राग एबलचा आला. यांच्यासाठी मी व्हॅनमध्ये थंडीनं कुडकुडत झोपले होते!

उजेड होता तोवर आम्ही घरी आलो. जेवण आधीच करून ठेवलेलं होतं, मी यंत्रासारखं वाढलं. स्किप एका हातानं खात, दुसऱ्या हातानं फोनवर लिहीत होता.

"वाच ना," ग्लेंडा म्हणाली. तिला सवय असावी.

त्यानं मोठ्यांदा वाचलं. "बोलोन्या, दहापैकी दोन. बँडचा दोष नाही. समोर मढ्यासारखे उभे असलेले लोक असतील तर कुणाला वाजवावंसं वाटेल? इथल्या लोकांना नाचता येत नाही, वर आपल्यालाच गप्प करतात. एक म्हातारा तर आमच्या जागेवर येऊन नाचला. हे शहर दौऱ्यातून वगळा." मग फोन खाली ठेवून म्हणाला, "बघा, आत्ताच चाळीस जणांनी होकार दिला."

"काय म्हणतोय?" फाऊस्तोनं विचारलं.

मी त्याला शब्दन् शब्द सांगितला. म्हाताऱ्याच्या ओळीपाशी मी थांबले आणि मग तो धक्काही सांगितला. फाऊस्तोनं काटा ताटात ठेवला. वडिलांकडं वळून म्हणाला, "बाबा, खरं आहे हे?"

"जेव तू," नेरिओ म्हणाले.

"तुम्हाला काही विचारलं का कुणी, कार्यक्रम कसा वाटला?"

नेरिओंनी जरा विचार केला. "ढोलवाला चांगला आहे. बाकीचे एकमेकांची वाट बघत होते. पण ते हळू वाजवलेलं मला आवडलं. पुरं करायला हवं होतं."

स्किपला उत्सुकता. "काय म्हणाले, काय म्हणाले?"

मी सांगितलं. स्किप हसला. वाईट हसू नव्हतं ते, लहान मुलानं काही गोड बोलल्यावर हसावं तसं. "त्यांना काय कळतंय यातलं!"

बस. तिथं माझं टाळकं सटकलं.

"स्किप, उठ."

"काय?"

"ताटावरून उठ. ही पण राखीव जागा आहे. तू माझ्या जागेवर बसलायस."

"कॉर्की!" ग्लेंडा ओरडली.

"तू पण. बॅगा भरा. स्टेशनसमोर हॉटेलांची रांग आहे, झोपा तिथं. हे नेरिओ काल स्किपला आपल्या हातानं वाढत होते आणि याला त्यांचं तोंडही आठवत नाही! आणि वर लिहितोय, इथले लोक मढी! अरे, ऐकत होते ते! तुम्ही एवढे मैलोन् मैल येता कशाला, गाडीच्या आणि नाश्त्याच्या गप्पा मारायला? त्या घरी मारा ना!"

"आम्ही नसतो तर तो हॉल निम्मा रिकामा राहिला असता," स्किप म्हणाला. आता तोही तापला होता. "हा बँड आम्ही जगवलाय. तीस वर्षं. तुझ्या या लोकांनी काय केलं?"

"तिकीट काढलं आणि भिंतीला उभे राहिले. कारण तू जमिनीला चिकटपट्टी लावली होतीस."

नेरिओंना भाषा कळत नव्हती, पण प्रकार कळला. म्हणाले, "पोरी, जेवताना माणसाला उठवू नये. जेवू दे, मग हाकल."

मला त्यांचाही राग आला. एवढं होऊन हा माणूस याच्या जेवणाची काळजी करतोय! "नाही," मी म्हटलं. "आत्ता."

ते गेले. फाऊस्तोनं त्यांच्या बॅगा जिन्यावरून खाली नेऊन दिल्या. दारात ग्लेंडा माझ्याकडं बघत उभी राहिली. "एका ताडपत्रीपायी?" एवढंच म्हणाली. मी दार लावलं. मग स्वयंपाकघरात जाऊन स्किपचं ताट इतक्या जोरात बेसिनमध्ये टाकलं की फुटलं.

सकाळी शाळेत जायच्या आधी मी साइटवर लिहिलं. गुण दिले नाहीत. ताडपत्रीचं लिहिलं, छातीवरच्या हाताचं लिहिलं, गप्पांचं लिहिलं आणि एबलचंही लिहिलं, की समोरच्या मूठभर जणांच्या भीतीनं त्यानं मागच्या दोनशे जणांचं गाणं मोडलं. स्किपचं नाव घेतलं नाही, पण निळी ताडपत्री आणि पांढरी वेणी म्हटल्यावर कुणाला कळायचं राहिलं? मधल्या सुट्टीत पाहते तर शिव्यांचा पाऊस. नवऱ्यासाठी देश सोडलेली बाई आम्हाला शिकवणार का. इतकी नाजूक असशील तर घरी बस. एका झुरिकच्या माणसानं मात्र लिहिलं होतं, की आमच्याकडं माझ्या गरोदर बायकोला असंच उठवलं, पण बोलायची हिंमत झाली नाही.

दुपारी ग्लेंडाचा फोन आला. म्युनिकची गाडी होती, स्टेशनवर ये म्हणाली. मी गेले. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, ती माफी मागेल, मी रडेन आणि प्रकरण मिटेल.

फलाटावर ती एकटीच बॅगांपाशी उभी होती. स्किप कॉफी प्यायला गेला होता, म्हणजे माझ्यासमोर यायचं नव्हतं. तिनं मला मिठी मारली. "मला वाईट वाटलं गं, नेरिओंचं. खरंच."

"मग त्यांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं. तू वेळ दिलास कुठं?" मग म्हणाली, "कॉर्के, ते लिहिलेलं काढून टाक ना. म्युनिकला सगळे आपलेच भेटणार आहेत. स्किपला लोक टाकून बोलतील. त्याचं सगळं आयुष्य आहे गं ते."

म्हणजे बोलावलं होतं ते यासाठी.

"त्यानं त्याचं काढलं का? म्हातारा येऊन नाचला, ते?"

"ते त्याचं मत आहे."

"आणि माझं?"

"तुझं म्हणजे, तू घरचं भांडण चव्हाट्यावर आणलंस. बाहेरच्यांसमोर."

"बाहेरचे कोण, ग्लेंडा?"

तिला खरंच सांगता आलं नाही, की नेरिओ बाहेरचे की मी. गाडी आली. मी तिची एक बॅग वर चढवून दिली, कारण तिची पाठ दुखते आणि ते मला माहीत आहे. दारातून तिनं पुन्हा विचारलं, "काढशील ना?"

"नाही," मी म्हटलं.

गाडी हलली तशी ती आत वळली. मी फलाटावर थांबले नाही. हात वगैरे केला नाही.

ते अजून तिथंच आहे. स्किपचंही आहे. खाली भांडणं चालू असतात. बोलोन्याला कधीच न आलेली माणसं बोलोन्याला गुण देतात, कुणी दोन, कुणी सात, कुणी केवळ मला चिडवायला शून्य. मी कधीतरी वाचते आणि माझं डोकं पुन्हा तापतं. फाऊस्तो म्हणतो, बघतेस कशाला? ओम्ब्रेत्ता मात्र ती होडी पुरी वाजवलेली कुठं ऐकायला मिळेल म्हणून मागं लागली आहे. तिला मी एक जुनी कॅसेट दिली. मला स्वतःला ते गाणं लावायची इच्छा होत नाही.

सप्टेंबरात ग्लेंडाचा वाढदिवस असतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी फोन केला नाही. का केला नाहीस, असं तिनंही विचारलं नाही.